स्लॅकमध्ये फॉर्मच्या ऑर्डरी आपोआप याव्यात म्हणून अ‍ॅप कसं जोडायचं? (आंब्याचा सीझन तोंडावर आलाय)

देवगड_धाकटा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची घरची कलमं आहेत, मोठा दादा बाग बघतो आणि मी पुण्यातून थेट गिऱ्हाइकाला पेट्या देतो, यंदाचं चौथं वर्ष. गेल्या वर्षापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालायचं, त्यात ऑर्डर, बागेचे फोटो, पावसाचे फॉरवर्ड, नातेवाइकांचे वाढदिवस असं सगळंच एकात एक, त्यामुळे मे महिन्यात सात पेट्या पाठवायच्याच राहून गेल्या आणि सात घरी फोन करून माफी मागितली. ते मला फार लागलं. एका आजींनी नातू येणार म्हणून मुद्दाम आधी सांगून ठेवलं होतं हो.

म्हणून यंदा पुतणीने स्लॅकवर (टीमच्या कामाच्या मेसेजचं अ‍ॅप) वर्कस्पेस, म्हणजे आमच्या टीमची जागा, काढून दिलंय, फुकटवाला प्लॅन, आम्ही नऊ जण. चॅनेल, म्हणजे एकेका विषयाचे ग्रुप, चार आहेत, ऑर्डर, बाग, पॅकिंग, हिशोब. ऑर्डर गुगल फॉर्मवर घेतो, त्याची शीट बनते. मला एवढंच हवंय की कोणी फॉर्म भरला की ऑर्डर चॅनेलमध्ये मेसेज पडावा, दादाला बागेत मोबाईलवर दिसावा. काल गुगल ड्राइव्हचं अ‍ॅप जोडलं, जोडलं गेलं असं दाखवतंय पण चॅनेलमध्ये काहीच येत नाही. मला कोडबिड काही येत नाही, कोणी पहिल्या पायरीपासून सांगेल का?

निळी_शाई | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५५

धाकटेभाऊ, तुम्ही चूक काही केलेली नाही, फक्त अ‍ॅप वेगळ्या कामाचं आहे. ड्राइव्हचं अ‍ॅप काय करतं, तर कोणी तुमच्या फाइलवर कॉमेंट केली, फाइल शेअर केली, बघायची परवानगी मागितली की तुम्हाला कळवतं, आणि चॅनेलमध्ये फाइलची लिंक टाकली तर नीट दाखवतं. शीटमध्ये नवीन ओळ आली हे ते सांगत नाही. जोडण्याआधी अ‍ॅपच्या पानावर ते काय काय करतं हे लिहिलेलं असतं ते वाचायचं, आमच्या ऑफिसात मी वर्कस्पेस सांभाळते आणि दर आठवड्याला कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं.

आता मुळापासून. स्लॅकमध्ये बाहेरची गोष्ट आणायचे साधारण तीन रस्ते आहेत. एक, तयार अ‍ॅप, डावीकडच्या पट्टीत अ‍ॅप्स आहे (दिसत नसेल तर मोअरमध्ये), तिथून मार्केटप्लेसवर जायचं, अ‍ॅप शोधायचं, अ‍ॅड टू स्लॅक दाबायचं, मग एक परवानगीचं पान येतं आणि अलाऊ म्हटलं की झालं. हे सगळं कंप्युटरवर करा, मोबाईलवर नका करू. दुसरा रस्ता वेबहुक, म्हणजे स्लॅक तुम्हाला एक गुप्त पत्ता देतं, त्या पत्त्यावर जे पाठवाल ते ठरलेल्या चॅनेलमध्ये उमटतं. तुमच्या कामाला मला हाच बरा वाटतो. आणि तिसरं म्हणजे काहीच न जोडता स्लॅकमध्ये आधीपासून जे आहे ते वापरणं, उदा. रोज संध्याकाळी सातला पॅकिंग चॅनेलमध्ये "उद्याच्या गाडीच्या पेट्या मोजल्या का" असं आठवण करून द्यायचं असेल तर स्लॅश रिमाइंड ही कमांड आहेच, त्यासाठी लोक उगाच अ‍ॅप शोधत बसतात.

उगाच का म्हणते, तर फुकट प्लॅनवर एकूण १० अ‍ॅपच जोडता येतात. नव्या माणसाला सगळंच छान वाटतं, पोलचं अ‍ॅप, जिफचं अ‍ॅप, वाढदिवसाचं अ‍ॅप, आणि खरं लागणारं जोडायला जावं तर जागा शिल्लक नसते.

सातपुडा | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

वेबहुक म्हणजे स्क्रिप्ट लिहिणं आलं, ते म्हणतायत कोड येत नाही. सरळ झॅपियर वापरा की. फॉर्म इकडे, स्लॅक तिकडे, मधे दोन बटणं, वीस मिनिटांत होतं. मी जळगावला केळीच्या गाड्यांसाठी तसंच केलंय, एक ओळ कोड नाही.

निळी_शाई | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

सातपुडा, झॅपियर सोपं आहे हे खरंच. पण फुकटात महिन्याला १०० टास्क मिळतात, एक ऑर्डर म्हणजे एक टास्क. धाकटेभाऊ, तुमच्या ऐन सीझनला दिवसाला किती ऑर्डर येतात?

देवगड_धाकटा | १२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

एप्रिलमध्ये अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात दिवसाला ४० पर्यंत जातात, एरवी दहाबारा.

सातपुडा | १२ फेब्रुवारी, दुपारी १:४१

मग ऐन गर्दीत तीन दिवसांत संपेल. माझ्या गाड्या आठवड्याला पाचसहा असतात म्हणून मला पुरतं. वेबहुकच करा मग, मी शब्द मागे घेतो.

निळी_शाई | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१५

चला करू या. आधी स्लॅककडची बाजू. स्लॅकची डेव्हलपरांसाठीची साइट आहे तिथे युअर अ‍ॅप्समध्ये जायचं, क्रिएट न्यू अ‍ॅप, मग फ्रॉम स्क्रॅच, नाव द्या "ऑर्डरवाला" वगैरे काहीही, वर्कस्पेस निवडा. डेव्हलपर शब्दाला घाबरू नका, फॉर्म भरण्यापलीकडे काही नाही. मग इनकमिंग वेबहुक्स उघडून ते चालू करा, खाली अ‍ॅड न्यू वेबहुक आहे ते दाबलं की चॅनेल विचारेल, ऑर्डर चॅनेल निवडा, अलाऊ. तुमचं चॅनेल प्रायव्हेट असेल तर तुम्ही स्वतः त्यात असायला हवं, नाहीतर यादीत दिसणारच नाही. मग एक लांबलचक लिंक मिळेल ती कॉपी करून ठेवा. एक लिंक एकाच चॅनेलसाठी असते, हिशोब चॅनेललाही पाठवायचं असेल तर दुसरी बनवायची.

गुगलकडची बाजू अशी, फॉर्मच्या शीटमध्ये एक्स्टेन्शन्स, मग अ‍ॅप्स स्क्रिप्ट. तिथे एक छोटं फंक्शन लिहायचं, सातआठ ओळींचं. ते करतं काय, तर फॉर्ममधली नाव, भाग, पेट्या ही उत्तरं उचलतं, त्यांचं एक वाक्य करतं आणि त्या लिंकवर पाठवून देतं. वाक्य "टेक्स्ट" या नावाखाली जेसनमध्ये (माहिती पाठवायची एक ठरलेली मांडणी) गुंडाळून पाठवायचं असतं, बस. पुतणी बारावीनंतरची असेल तर तिला हे जमेल, अडलं तर इथे विचारा. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला २०,००० वेळा असं बाहेर पाठवता येतं, तुमच्या ४० ऑर्डरींना काही धोका नाही.

दूरदेशी | १३ फेब्रुवारी, पहाटे ४:५०

मधेच घुसतोय, माफ करा. आम्ही न्यू जर्सीत शनिवारची मराठी शाळा चालवतो, सगळे पालकच स्वयंसेवक, आमचंही स्लॅक आहे. मी गुगल कॅलेंडरचं अ‍ॅप जोडायला गेलो तर अ‍ॅडच्या जागी रिक्वेस्ट असं बटण येतंय. माझंच खातं खराब झालंय का?

निळी_शाई | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

नाही हो, खातं ठीक आहे. मुळात कोणताही मेंबर अ‍ॅप जोडू शकतो, पण तुमच्या वर्कस्पेसच्या मालकाने अ‍ॅपला मंजुरी लागेल अशी सेटिंग चालू केलीय. रिक्वेस्ट पाठवताना दोन ओळीत कारण लिहा, "वर्गाच्या तारखा सगळ्यांना दिसाव्यात म्हणून" एवढं लिहिलं तरी मंजूर करणाऱ्याला सोपं जातं. माझ्याकडे दिवसभर नुसत्या नावांच्या रिक्वेस्ट येतात, कशाला हवंय काही कळत नाही, मग त्या पडून राहतात.

आणि मंजूर झाल्यावर लगेच दुसरा गोंधळ होणार तो आत्ताच सांगते. एकाने अ‍ॅप जोडलं म्हणजे सगळ्यांची कॅलेंडरं जोडली गेली असं नसतं. प्रत्येकाने अ‍ॅपमध्ये जाऊन आपापलं गुगल खातं कनेक्ट करायचं.

धाकटेभाऊंनी आणि तुम्ही, दोघांनीही एक गोष्ट करा. अलाऊ दाबण्याआधी जे परवानगीचं पान येतं ते घाईत पुढे ढकलू नका. त्यात दोन भाग असतात, अ‍ॅपला काय बघता येईल आणि अ‍ॅपला काय करता येईल. पोल घेणाऱ्या अ‍ॅपला चॅनेलमध्ये मेसेज टाकायची परवानगी लागणार हे समजतं, पण तेच अ‍ॅप पब्लिक चॅनेलमधले सगळे मेसेज वाचायची आणि सगळ्यांचे ईमेल बघायची परवानगी मागत असेल तर थांबा आणि विचारा कशाला. शाळेच्या चॅनेलमध्ये मुलांची नावं, आजारपणं, पालकांचे नंबर असतात. ते दुसऱ्यांचं आहे, आपण त्यांच्या वतीने अलाऊ दाबतोय, म्हणून मला या पानाचं इतकं वाटतं.

दूरदेशी | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आज सगळ्यांना पाठवतो. खूप आभार.

देवगड_धाकटा | १५ फेब्रुवारी, रात्री ८:४४

पुतणीने आणि मी बसून केलं सगळं. लिंक मिळाली, फंक्शन लिहिलं. पण फॉर्म भरला तरी स्लॅकमध्ये काही येत नाही. एडिटरमध्ये रन दाबलं तर लाल अक्षरात एरर येते, कसलं तरी अनडिफाइन्ड आहे म्हणते. आमची लिंक खाली देतोय, कोणी तपासून बघेल का?
[लिंक काढली आहे]

निळी_शाई | १५ फेब्रुवारी, रात्री ८:४९

धाकटेभाऊ ती लिंक आधी काढा!! ही लिंक म्हणजे तुमच्या ऑर्डर चॅनेलची किल्ली आहे. तिला पासवर्ड वगैरे काही नसतो, ज्याच्या हातात लिंक त्याला तुमच्या चॅनेलमध्ये वाट्टेल ते टाकता येतं. उद्या कोणी "पैसे या नंबरवर पाठवा" असा मेसेज टाकला आणि दादांना तो तुमचाच वाटला तर?

धागा_व्यवस्था | १५ फेब्रुवारी, रात्री ८:५६

वरच्या प्रतिसादातली लिंक काढली आहे. कोणीही अशा लिंक, टोकन किंवा पासवर्ड धाग्यावर टाकू नयेत, कृपया.

निळी_शाई | १५ फेब्रुवारी, रात्री ९:१०

धन्यवाद व्यवस्थापक. पण इथून काढली म्हणून काम संपत नाही, बाराएक मिनिटं ती उघड्यावर होती. स्लॅकच्या त्याच पानावर जाऊन जुनी वेबहुक काढून टाका आणि नवी बनवा, पाच मिनिटांचं काम आहे. नवी लिंक कोडमध्येही लिहू नका, अ‍ॅप्स स्क्रिप्टच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये खाली स्क्रिप्ट प्रॉपर्टीज आहे तिथे ठेवा आणि कोडने तिथून उचलावी. म्हणजे उद्या कोड कोणाला दाखवलात तरी लिंक बाहेर जात नाही. घाबरून जाऊ नका हं, विचारलंत हे चांगलंच केलंत, फक्त लिंक सोडून विचारायचं.

आता एररचं बघू. रन दाबून हे फंक्शन टेस्ट होत नाही, कारण फॉर्ममधून येणारी माहिती त्याला तेव्हा मिळतच नाही, रिकाम्या हाताने चालवल्यावर ते अनडिफाइन्ड म्हणणारच. टेस्ट करायची तर खरोखर फॉर्म भरून. आणि फॉर्म भरून पण येत नाही म्हणता, तर फंक्शनचं नाव काय ठेवलंय आणि ट्रिगर, म्हणजे अमुक झालं की हे फंक्शन चालव अशी सूचना, लावलाय का?

देवगड_धाकटा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:४०

जुनी काढली, नवी बनवली, प्रॉपर्टीजमध्ये टाकली. वाईट वाटलं मला, पण वेळेत सांगितलंत ताई. फंक्शनचं नाव ऑनएडिट आहे, पुतणीने कुठेतरी वाचलं की ते नाव दिलं की आपोआप चालतं.

सातपुडा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५८

इथे मी पण अडकलो होतो एकदा! ऑनएडिट तेव्हाच चालतं जेव्हा माणूस हाताने शीटमध्ये काही बदलतो. फॉर्मने टाकलेली ओळ त्याला कळत नाही. आणि कळली असती तरी तसल्या आपोआप चालणाऱ्या साध्या ट्रिगरला बाहेर काही पाठवायची परवानगी नसते. नाव बदला, डावीकडे घड्याळाचं चिन्ह आहे तिथे अ‍ॅड ट्रिगर, फ्रॉम स्प्रेडशीट, ऑन फॉर्म सबमिट. सेव्ह करताना गुगल परवानगी मागेल, हे अ‍ॅप आम्ही तपासलेलं नाही असं भीतिदायक पान पण येईल, कोड तुमचा स्वतःचा आहे म्हणून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन पुढे जा. दुसऱ्या कोणाचा कोड असता तर मी असं सांगितलं नसतं.

देवगड_धाकटा | १५ फेब्रुवारी, रात्री १०:३१

आला!!! आला मेसेज! "नवीन ऑर्डर: चाचणी, कोथरूड, ३ पेट्या." दादाला फोन केला, तो झोपला होता, उठवून बघायला लावला, त्याच्या मोबाईलवर पण दिसला. पुतणी नाचतेय.

प्रश्नच_प्रश्न | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

अभिनंदन! मी पण नवीनच आहे स्लॅकला. माझा साधा प्रश्न, आमच्या टीममध्ये एक बॉट (आपोआप उत्तरं देणारं अ‍ॅप) जोडलाय, सेटिंगमध्ये दिसतो, पण चॅनेलमध्ये त्याला काही सांगितलं तर तो त्या चॅनेलमध्ये नाही असं येतं. परत परत काढून जोडला, तेच.

निळी_शाई | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

वर्कस्पेसमध्ये जोडणं वेगळं आणि चॅनेलमध्ये बोलावणं वेगळं. सोसायटीत राहायला आला म्हणजे तुमच्या घरात जेवायला आला असं नाही ना, तसं. त्या चॅनेलमध्ये स्लॅश, इन्व्हाइट, जागा सोडून अ‍ॅटचं चिन्ह आणि बॉटचं नाव एवढं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नवीन माणसांचे अर्धे प्रश्न मी या एका कमांडने सोडवलेत. धाकटेभाऊंच्या वेबहुकला मात्र हे लागत नाही, तिचं चॅनेल बनवतानाच ठरलेलं असतं.

प्रश्नच_प्रश्न | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:२२

झालं ताई, एका मिनिटात. दोन दिवस घालवले होते मी.

देवगड_धाकटा | २ मार्च, रात्री ९:२०

पंधरा दिवस व्यवस्थित चाललं आणि आज परत अडलोय. मेसेजमध्ये पेट्यांच्या जागी अनडिफाइन्ड येतंय. दुसरं म्हणजे मेसेजमध्ये अ‍ॅट लावून दादाचं नाव लिहिलंय तरी त्याला नोटिफिकेशन जात नाही, नुसती अक्षरं दिसतात.

निळी_शाई | २ मार्च, रात्री १०:००

फॉर्ममधला प्रश्न बदललात का? कोड प्रश्नाच्या नावावरून उत्तर शोधतो, "पेट्या किती?" चं "किती पेट्या?" केलंत तरी त्याला सापडत नाही. स्पेस जरी वाढली तरी तेच. कोडमधलं नाव फॉर्मशी अक्षरशः जुळवा, आणि सीझन संपेपर्यंत फॉर्मला हात लावू नका.

दादांचं असं, वेबहुकमधून नुसतं नाव लिहून भागत नाही. त्यांच्या प्रोफाइलमध्ये तीन टिंबं आहेत तिथून मेंबर आयडी कॉपी करायचा आणि कोडमध्ये तो टोकदार कंसात अ‍ॅटच्या चिन्हासकट लिहायचा. पण विचार करा, दिवसाला ४० वेळा दादांचा फोन वाजला तर ते चौथ्या दिवशी चॅनेल म्यूट करतील. मी म्हणेन फक्त पाचपेक्षा जास्त पेट्यांच्या ऑर्डरला नाव लावा.

आणि हो, मेसेजमध्ये गिऱ्हाइकाचा फोन नंबर, पूर्ण पत्ता टाकताय का?

देवगड_धाकटा | २ मार्च, रात्री १०:१८

प्रश्नाचं नाव पुतणीने बदललं होतं, बरोबर ओळखलंत. हो, नंबर पत्ता सगळं टाकतोय, एका जागी दिसावं म्हणून. काढू का?

निळी_शाई | २ मार्च, रात्री १०:४०

काढा. नाव, भाग, पेट्या आणि शीटमधला ओळ क्रमांक एवढं पुरे, ज्याला पत्ता हवा तो शीट उघडेल. नऊ जणांच्या मोबाईलवर शेकडो घरांचे पत्ते कशाला फिरवायचे. शिवाय फुकट प्लॅनवर ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसेनासे होतात. तुम्ही हिशोब जून-जुलैत करणार, तोपर्यंत मार्चच्या ऑर्डरी स्लॅकवरून गेलेल्या असतील. खरी वही म्हणजे शीट, स्लॅक फक्त हाक मारतं.

अजून एक राहिलंच, ट्रिगर कोणाच्या गुगल खात्यावरून लावलाय?

देवगड_धाकटा | २ मार्च, रात्री १०:४७

पुतणीच्या. शीट माझी आहे, तिला एडिटला दिलीय.

निळी_शाई | २ मार्च, रात्री ११:०५

मग तो ट्रिगर तिच्या नावाने चालतो, तुम्हाला तो नीट दिसणारही नाही. उद्या तिने ते खातं बंद केलं किंवा परवानगी काढली की ऑर्डरी गुपचूप थांबतील, आणि थांबल्या हे कोणाला कळणारही नाही, तेच भयंकर. धंद्याचं एक वेगळं जीमेल काढा, शीट, फॉर्म, स्क्रिप्ट, ट्रिगर सगळं त्यावर आणा, पुतणीचा ट्रिगर मग काढून टाका नाहीतर प्रत्येक ऑर्डर दोनदा येईल. स्लॅकच्या अ‍ॅपमध्ये पण कोलॅबोरेटर्स म्हणून जागा आहे, तिथे पुतणीला आणि तुम्हाला दोघांना ठेवा.

सातपुडा | ३ मार्च, सकाळी ७:१०

+१. आमच्याकडे सेटिंग करून देणारा मुलगा नोकरीला गेला आणि आठवडाभर गाड्यांचे मेसेज बंद होते, आम्हाला वाटलं गाड्याच लागल्या नाहीत.

देवगड_धाकटा | २२ एप्रिल, रात्री ११:३०

सगळ्यांना कळवतो. वेगळं जीमेल काढलं, सगळं त्यावर आणलं. काल एका दिवसात ३८ ऑर्डरी आल्या आणि ३८ चे ३८ मेसेज चॅनेलमध्ये, मी शीटशी ताडून बघितलं. १० पैकी दोनच अ‍ॅप वापरतोय, ऑर्डरवाला आणि कॅलेंडर. दादा बागेतूनच पेटी भरली की त्या मेसेजवर बरोबरची हिरवी खूण लावतो, रात्री मी खूण नसलेले मेसेज मोजतो आणि तेवढ्याच पेट्या सकाळच्या गाडीला बघतो. अजून एकही राहिलेली नाही. त्या आजींना पहिल्या आठवड्यातच पाठवली, मी स्वतः नेऊन दिली.

एक विचारायचं होतं, दादाने हिरवी खूण लावली की शीटमध्ये आपोआप "भरली" असं येईल का?

निळी_शाई | २३ एप्रिल, सकाळी ८:५०

वाचून फार बरं वाटलं भाऊ. येईल, पण वेबहुक फक्त स्लॅकमध्ये टाकते, स्लॅकमधलं बाहेर आणत नाही. त्यासाठी बॉट लागेल, त्याला खुणा वाचायची परवानगी द्यावी लागेल आणि त्या खुणा ऐकत बसणारं काहीतरी बाहेर चालू ठेवावं लागेल. ऐन गर्दीत यात हात घालू नका. सध्या शीटमध्ये "भरली" नावाचा रकाना करा आणि रात्री मोजता तेव्हाच हाताने भरत जा. फक्त तो रकाना फॉर्मच्या उत्तरांच्या उजवीकडे शेवटी करा, मधे नको. पावसाळ्यात पुतणीला घेऊन या, तेव्हा बॉटचं बघू.